मनोऱ्याची शेवटची भिंत

९ फेब्रुवारी, रविवार

फुलीचं बटण पटकन दाबलं तर छोटी उडी. दाबून धरलं तर मोठी. हवेत पुन्हा दाबलं तर दुसरी उडी. छपराची कड संपल्यावरही पापणी लवेपर्यंत वेळ असतो, तेवढ्यात दाबलं तरी उडी लागते.

आज रुचिकानं हे सगळं शिकवलं. विसरीन म्हणून युनियनच्या डायरीत लिहून राहिलो. दरवर्षी मिळते, दरवर्षी कोरीच रद्दीत जाते.

गेमचं मशीन सेकंडहँड घेतलं, टीव्हीले जोडून दिलं दुकानदारानंच. गेममध्ये एक ओढणीवाली पोरगी शहराच्या छपरांवरून पळते, मागं लोखंडी कुत्रे. दोघं खेळत असले की दुसऱ्याले एक डोळा बांधलेला माणूस मिळतो. रुचिकानं त्याचं नाव काण्या ठेवलं अन् तो मले दिला. तिचं खातं दोन्ही घरी एकच चालते. इथं जिथं थांबलो, तिथूनच तिच्या घरी सुरू होते.

तिचं घर म्हणजे माझ्या आधीच्या बायकोचं, चारुशीलाचं, अन् तिच्या आताच्या नवऱ्याचं, पंकजचं. माझी पोरगी अकरा वर्षांची. कोर्टानं ठरवून दिल्यापासून रविवारी दहाले माझ्याकडं येते, सहाले जाते. एसटीत ड्रायव्हर असून रविवारची सुट्टी पक्की मिळावी म्हणून मी सगळ्या सणांची ड्युटी अंगावर घेतो. एवढं करून आज आठ तासांत तिनं "पंकजकाका" अकरा वेळा म्हटलं. मी मोजलं.

"पंकजकाका म्हणतात, उडी मारताना पोरीकडं नाही बघायचं, उतरायची जागा बघायची."

बरोबर होतं ते. म्हणूनच जास्त लागलं.

१६ फेब्रुवारी, रविवार

पहिल्याच खड्ड्यात तेवीस वेळा पडलो. उमरेडच्या बाजारातून हाफ क्लचवर भरलेली गाडी काढतो मी, कोणाच्या हातगाडीले कधी घासली नाही. अन् इथं एक अंगठा ऐकत नाही.

"पप्पा, तुम्ही घाबरून आधीच दाबता," रुचिका म्हणाली.

"तुझा पंकजकाका कधी दाबते?"

"त्यांनी वहीत चित्र काढलंय. कुठं दाबायचं तिथं लाल टिंब."

तंत्रनिकेतनात शिकवते तो. वही करणारच. डोळ्यासमोर आलं, हा माणूस सोफ्यावर टेकून बसला आहे अन् एका दमात सगळी छपरं ओलांडून राहिला आहे, अन् माझी पोरगी बाजूले बसून टाळ्या वाजवून राहिली आहे.

आणखी एक. जेवताना ती म्हणाली, "मला भात नको." मले नाही, मला, पंकजसारखं. नंतर दिवसभर मलेच म्हणत होती. पण एकदा मला म्हणाली.

१९ फेब्रुवारी, बुधवार

तीनले ड्युटी संपली. घरी येऊन कपडे न बदलता मशीन लावलं. माझं स्वतःचं खातं उघडलं, सरावासाठी. दोन तास बसलो. खड्डा सत्तर टक्के वेळा पार होते आता.

आज शिकलो ते: उतरताना गोलाचं बटण दाबलं की कोलांटी होते अन् वेग तुटत नाही. ब्रेक न मारता गिअर उतरवल्यासारखं.

अंगठ्याले फोड आला. वंदनाबाई माझ्या गाडीवर कंडक्टर आहेत, सहा वर्षं झाली. त्यांनी विचारलं, "स्टिअरिंगनं आला का गा भाऊ?" मी हो म्हटलं.

२ मार्च, रविवार

मनोऱ्याशी पोचलो. गेममधली ही शेवटची जागा. समोरासमोर दोन उंच भिंती, मधे फिरत्या चक्र्या, वर घंटा. या भिंतीवरून त्या भिंतीवर उड्या मारत चढायचं. भिंतीले टेकलं की हँडलवरची दांडी उलट्या बाजूले ढकलायची अन् त्याच क्षणी फुली. आधी फुली दाबली तर सरळ खाली.

माझ्या अंगात उत्साह आला होता. साडेतीनच वाजले होते. पण रुचिकानं बटणांचा हँडल खाली ठेवला.

"पुढच्या रविवारी."

"काहून वं? वेळ आहे ना."

"आज नको. तुमचं भिंतीवरचं अजून जमत नाही."

मी चहा ठेवायले उठलो. पाठ फिरवली म्हणून बरं झालं. मले समजलं. ढिल्या माणसासोबत कंटाळली ती. आता घरी जाईल अन् त्याच्यासोबत चढेल, अन् पुढच्या रविवारी मले सांगेल कशी चढली ते.

५ मार्च, बुधवार

राहवलं नाही. तिचं खातं उघडून पाहिलं. इकडच्या तिकडच्या छपरांवरचे कंदील तिनं गोळा केले आहेत, मागच्या रविवारपेक्षा चाळीस जास्त. मनोरा जसाच्या तसा. घंटा वाजली नाही.

एवढा हुशार माणूस मनोरा काहून नाही चढत? चढायले दहा मिनिटं लागतील त्याले. परीक्षा झाल्यावर दोघं मजेत चढणार असतील. राखून ठेवला असेल.

११ मार्च, मंगळवार

चारुशीलाचा फोन आला. दोन वर्षांपासून फक्त मेसेज असतात, म्हणून आधी वाटलं पोरीले काही झालं. तसं नव्हतं. पंकजची बदली अमरावतीले झाली. जूनमध्ये जायचं. कोर्टाच्या कागदाप्रमाणे रुचिकाले जिल्ह्याबाहेर न्यायचं तर माझी सही पायजे.

"नाही देणार," मी म्हटलं.

"काहून नाही? कारण सांग."

"कारण नाही. माझी मर्जी."

मग म्हणाली, "धनराज, तुझ्यावर राग काढायले फोन नाही केला मी. विचार कर अन् सांग."

रविवार सोडून सहा दिवस त्याचे आहेतच. आता रविवारही त्यालेच पायजे.

१६ मार्च, रविवार

रुचिकाच्या कानामागं अजून धुळवडीचा गुलाबी रंग होता. कोणी लावला ते विचारलं नाही.

मागचा रविवार तिच्या परीक्षेच्या अभ्यासात गेला. आज मनोरा चढायले घेतला. ती भराभर वर जाते, चिमणीसारखी. मी खालच्या तिसऱ्या टप्प्यावरच घसरतो. पण नवल हे की ती शेवटच्या भिंतीवर पोचली की तिचाही हात सुटते. चार वेळा. चारही वेळा त्याच जागी, घंटा हातभर राहिली असताना. बाकी कुठं ती चुकत नाही. माझ्यासोबत खेळून तिचाही खेळ बिघडून राहिला, असं वाटलं.

"तू जा ना वर, माझी वाट नको पाहू," मी म्हटलं.

"हात सुटला."

मग भजी खाताना एकदम म्हणाली, "पप्पा, तुमची गाडी अमरावतीले जाते का?"

हे तिच्या डोक्यातलं नाही. शिकवून पाठवलं आहे. मी म्हटलं, "नाही जात." तिनं हातातलं भजं ताटलीत ठेवलं.

२३ मार्च, रविवार

पुन्हा तेच. मी पाचव्या टप्प्यापर्यंत. ती शेवटच्या भिंतीवरून खाली.

"पंकजकाका म्हणतात, भिंतीवर जास्त वेळ चिकटून राहिलं की घसरतोच. टेकायचं अन् सोडायचं."

"त्यालेच बोलाव मग," मी म्हटलं. तोंडातून निघून गेलं. तिनं माझ्याकडं पाहिलं अन् टीव्हीचा आवाज वाढवला.

२७ मार्च, गुरुवार

या आठवड्यात रोज सराव. ड्युटी संपली की घर, घर आलं की मशीन. खालच्या मजल्यावरच्या घरमालकीण कुसुमताई विचारायले आल्या, तब्येत बरी आहे ना, दार बंद असते म्हणून.

जमून राहिलं आहे. बोटाले समजलं की डोक्याले विचारावं लागत नाही. टेकलं, ढकललं, फुली. टेकलं, ढकललं, फुली. आज गाडी चालवताना अंगठा स्टिअरिंगवर तसाच हलत होता. वंदनाबाईंनी पाहिलं.

२९ मार्च, शनिवार

चढलो.

दुपारी चारले. आधी माझ्या खात्यावर चढलो, लागोपाठ दोनदा. मग तिचं खातं उघडलं. एकट्यानं खेळायचं निवडलं तर काण्या येत नाही, ओढणीवालीच येते. तिलेच घेऊन चढलो. सात टप्पे, शेवटची भिंत, शेवटची चक्री, अन् घंटा. टीव्हीवर सगळ्या शहराचे दिवे लागले, कुत्रे गप झाले, शेवटचा देखावा दोन मिनिटं चालला. मी उभा राहून पाहिला.

खरं लिहितो. तिच्या खात्यावर काहून चढलो, तर उद्या सहा वाजता ती घरी जाईल, तो मशीन लावेल, अन् त्याले दिसेल की घंटा वाजून गेली. ज्या माणसाले अंगठा हलवता येत नव्हता त्यानं वाजवली. त्याचा चेहरा कसा होईल ते मी तासभर मनात पाहत बसलो. पोरीचा चेहरा एकदाही डोळ्यासमोर आला नाही, हे आता लिहिताना लक्षात आलं.

३० मार्च, रविवार, पाडवा

ती साखरेची गाठी घेऊन आली होती, माझ्या गळ्यात घालायले. घातली. मग मशीन लावलं.

पडद्यावर मनोऱ्याच्या जागी दिवे दिसत होते. ती पाहत राहिली.

"कोणी केलं?"

"मी," मी म्हटलं. "काल. एकट्यानं. पाहिलं का, तुझा बाप काही एवढा..."

"शेवटचं पण पाहिलं तुम्ही?"

"पाहिलं ना. पुन्हा दाखवू का?"

तिनं हँडल सोफ्यावर ठेवला. फेकला नाही, नीट ठेवला.

"मी ठेवलं होतं ते," ती म्हणाली.

साडेअकरा वाजता म्हणाली, मले घरी सोडा. पोट दुखते म्हणाली. गाडीवर मागं बसली तर माझ्या कमरेले धरलं नाही, कॅरिअरले धरलं. पुरणपोळी डब्यात तशीच राहिली.

ठेवलं होतं. कोणासाठी, ते काय विचारायचं. त्याच्यासोबत करणार होती ती, मी नासवलं. सहा दिवस त्याचे, मनोराही त्याचाच. राग तिचा नाही आला. त्याचा आला. सही तर आता नाहीच.

६ एप्रिल, रविवार

आली नाही. चारुशीलाचा मेसेज: ती नको म्हणते, मी जबरदस्ती नाही केली.

१३ एप्रिल, रविवार

आज पण नाही.

१५ एप्रिल, मंगळवार

उमरेडले गाडी लावून चहा घेत होतो. ऊन असं की डांबर चपलेले चिकटत होतं. वंदनाबाईंनी सरळ विचारलं, दोन रविवार ड्युटी मागून काहून घेतली. मी सगळं सांगितलं. पहिल्यांदाच कोणाले सांगितलं. गेम, मनोरा, सही, सगळं.

त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "भाऊ, तिले विचारलं का, कोणासाठी ठेवलं होतं?"

"विचारायचं काय त्यात? दिसतेच ना."

"तुमाले दिसलं. तिनं सांगितलं का?"

"नाही."

"मग जाऊन विचारा. फोनवर नका विचारू."

गाडीत चढून त्यांनी बेल दिली. मी गाडी नागपूरकडं काढली.

२० एप्रिल, रविवार

गेलो. मानेवाड्याले त्यांच्या घरी पहिल्यांदाच. चारुशीला नर्स आहे, तिची सकाळची ड्युटी होती. दार पंकजनं उघडलं. हाताले कणीक लागलेली. मले पाहून मागं सरला अन् म्हणाला, "या ना. बसा. मी हात धुऊन आलो."

पाणी आणून दिलं. रुचिका आतल्या खोलीत होती, दार लावलेलं.

मी म्हटलं, "मी भांडायले नाही आलो."

"मला माहीत आहे," तो म्हणाला. "ती काही सांगत नाही. मनोऱ्याचं काहीतरी झालं, एवढंच कळलं."

"मी चढलो. तिच्या खात्यावर. तुमच्यासाठी ठेवला होता तिनं, मले माहीत नव्हतं."

तो माझ्याकडं पाहत राहिला. मग हळू बोलला, आतल्या दाराकडं बघत.

"माझ्यासाठी नव्हता हो तो. जानेवारीपासून तिला एकटीला चढता येत होतं. शेवटच्या भिंतीपर्यंत जायची आणि मुद्दाम उडी सोडायची. म्हणायची, इथून पुढं पप्पांसोबत. पप्पा मशीन घेणार आहेत. तुम्ही घेतल्यावर तिनं पुन्हा पहिल्या छपरापासून सुरू केलं. मी एकदा हँडल हातात घेतला तर माझ्यावर चिडली."

मले तो मार्चमधला रविवार आठवला. चारदा हात सुटला, त्याच जागी.

"आणि मी कसला चढतोय," तो म्हणाला. "मला पहिला खड्डा ओलांडता येत नाही."

मले वाटलं, मन राखायले बोलून राहिला. टेबलावर ती वही होती. चित्रं, बाण, लाल टिंबं. मास्तराचं सुंदर अक्षर.

आतलं दार उघडलं. रुचिका उभी होती. सगळं ऐकलं असेल. मी उठलो.

"चूक झाली माझी, बाई. तुले विचारायले पायजे होतं."

"कोणाले दाखवायले चढले तुम्ही?"

खोटं बोलता आलं असतं. "यांले," मी पंकजकडं पाहून म्हटलं.

मग तिनं टीव्ही लावला, हँडल आणून पंकजच्या हातात दिला. "काका, खेळून दाखवा यांना."

"रुची, राहू दे."

"दाखवा."

त्यानं खेळून दाखवलं. पहिला खड्डा, पडला. पुन्हा, पडला. सात वेळा. चष्मा नाकावर ढकलत, ओठ दाबून, वहीतल्या टिंबाकडं बघून दाबत होता अन् दर वेळी उशीर होत होता. मी आधी दाबतो, हा उशिरा दाबते. सगळे महिने मी ज्याच्या मागं धावत होतो, तो खड्ड्यात होता.

मले बरं वाटलं. खोटं काहून लिहू. दोन मिनिटं अंगात गार वारा गेल्यासारखं झालं. मग आठव्यांदा पडल्यावर त्यानं रुचिकाकडं पाहिलं, ती हसते का म्हणून, अन् ती हसली नाही. तेव्हा बरं वाटणं थांबलं.

"वही बंद करा," मी म्हटलं. "पायाखालचं छप्पर संपलं असं वाटलं की दाबा. डोळ्यानं नाही, अंगठ्यानं बघा."

अकराव्यांदा पार झाला. तो लहान पोरासारखा माझ्याकडं वळला, अन् मी मान हलवली.

रुचिका माझ्यासोबत निघाली नाही. दारापर्यंत आली. "पुढच्या रविवारी येते मी," म्हणाली. "पण मनोरा नाही खेळायचा."

४ मे, रविवार

कूलरमध्ये वाळ्याची नवी ताटी बसवली. दुपारी दोघंही जमिनीवर आडवे पडलो. गेम लावलाच नाही.

"अमरावतीले जायचं आहे का तुले?" मी विचारलं. हा प्रश्न मार्चमध्येच विचारायचा होता, तेव्हा सुचला नाही.

ती छताकडं पाहत होती. "शाळा पाहिली. मैदान मोठं आहे. आईले पण तिथं नोकरी मिळून राहिली." थोड्या वेळानं म्हणाली, "पण रविवार पायजे."

"कोणाचा?"

"तुमचा. काय विचारता पप्पा."

"मग तेव्हा गाडीचं काहून विचारलं होतं? अमरावतीले जाते का म्हणून?"

"तुम्ही नाही जात म्हटलं. मले वाटलं तुम्ही येणारच नाही."

मी उठून पाणी प्यायलो. तहान नव्हती.

८ मे, गुरुवार

वकिलाच्या ऑफिसात सही केली. एक रविवार मी जाणार, एक रविवार ती येणार, असं लिहून घेतलं. चारुशीला "थँक्यू" म्हणाली. पंकज बाहेर गाडीजवळ उभा होता, आत आला नाही. जाताना मी हात वर केला, त्यानंही केला.



२९ जून, रविवार

अमरावतीचा पहिला रविवार. सकाळच्या गाडीनं निघालो. प्रवासी म्हणून बसायची सवय नाही. ड्रायव्हरनं ब्रेक मारला की माझा पाय आपोआप पत्र्यावर दाबला जात होता. वाटेत एक ट्रक उलटला होता, त्यात पाऊण तास गेला. दहाची गाडी पावणेअकराले पोचली.

खिडकीतूनच दिसले दोघं. रुचिका बाकावर उभी, पंकज बाजूले, तिची पाण्याची बाटली अन् दप्तर त्याच्या हातात. गाडी थांबायच्या आधीच ती उडी मारून धावली. मागं पाहिलं नाही. माझ्या पोटाले येऊन धडकली अन् तक्रार सुरू केली: गाडी काहून उशिरा आली, फोन काहून नाही उचलला, इथले पोहे आपल्यासारखे नाहीत, शाळेत दोन मैत्रिणी झाल्या, त्यातली एक काटोलची आहे. सगळं मलेच सांगून राहिली, अन् सगळ्यात "मले".

पंकज हळूहळू चालत आला. बाटली अन् दप्तर माझ्याकडं दिलं.

"सात वाजताच आलोय आम्ही," तो म्हणाला. "दहाची गाडी आहे म्हणून चारदा सांगितलं. ऐकलंच नाही. सात वाजल्यापासून त्या बाकावर उभी."

हसून सांगायची गोष्ट होती ती, पण तो हसला नाही. तिच्याकडं पाहत होता. ती त्याच्याकडं पाहत नव्हती. तो चेहरा मी ओळखला. दर रविवारी सहा वाजता तो चेहरा घेऊन मी जिना चढत होतो.

"सहाला न्यायला येतो," म्हणून तो वळला.

दहा पावलं गेला असेल. आठ तास माझे होते, पूर्ण माझे, त्यासाठी मी पहाटे उठून आलो होतो. त्याले जाऊ द्यायले काहीच हरकत नव्हती.

"पंकजराव," मी हाक मारली. "नाश्ता केला का?"

त्यानं मान हलवली. नाही म्हणून.

"मग चला. सातपासून उभे आहात."

स्टँडबाहेरच्या टपरीवर तिघं बसलो. रुचिका माझ्या बाजूले बसली, पार चिकटून, अन् त्यानं ते पाहिलं. मी त्याले पाहताना पाहिलं. मग दोघांनीही खाली मान घालून पोहे खाल्ले. पोह्यांवरची तर्री खरंच आपल्यासारखी नव्हती.